शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही रीतीने

प्रत्येक स्कॅनिंगनंतर मी एका फॉर्मवर सही करते. त्यात लिहिलेलं असतं की तपासताना पोटातलं मूल मुलगा आहे की मुलगी हे मी पाहिलेलं नाही आणि कुणाला सांगितलेलंही नाही. कायद्याचे शब्द आणखी पक्के आहेत: शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही रीतीने. मोडलं तर तीन वर्षं कैद, आणि डॉक्टरकी गेली ती वेगळी.

न सांगणं सोपं आहे. न पाहणं शिकावं लागतं. बाळाचं मूत्राशय दिसलं की मी पोटावर फिरवायचा प्रोब एका अंगाला कलता करते आणि थेट मांडीच्या हाडावर जाते. मधला भाग पडद्यावर येतच नाही. आलाच तर डोळा तिथं रेंगाळू देत नाही. माझ्याबरोबर शिकलेले याला हसतात. म्हणतात, वेदवती, तू काय डोळ्यांना पट्टी बांधून गाडी चालवतेस का. पण माझ्या लेकीच्या वेळी मी स्वतः त्या टेबलावर पडले होते आणि मान भिंतीकडे वळवून घेतली होती. ती बाहेर येईपर्यंत ती कोण हे मला ठाऊक नव्हतं. आत कुणीतरी पाय मारतंय एवढंच. ते दिवस मला फार आवडले. तेव्हापासून मी खरोखरच पाहत नाही.

आमचं सेंटर अग्रहार मोहल्ल्यात आहे, वह्यापुस्तकांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. मालक डॉक्टर शेषगिरी आता थकलेत, आठवड्यातून एकदा येतात. रोज असतो ते मी आणि वरलक्ष्मी, जी नावं घेते, चादर बदलते, जेल पुसते. लेक, पुट्टी, पाच महिन्यांची झाल्यावर मी कामावर परतले तेव्हा माझं मन जरा धग लागली की उतू जायचं. तपासून बाहेर पडणाऱ्या बायका बघवत नसत. भिंतीवर पाटी: इथे गर्भलिंग सांगितलं जात नाही, विचारणं गुन्हा आहे. त्या पाटीखालून खाली मान घालून त्या जायच्या, जशा काही चोरीच्या संशयावरून झडती होऊन सुटल्या.

आमच्या घरी सवाष्ण बाई उंबऱ्याबाहेर मोकळ्या हातानं जात नाही. माझ्या सासूबाई अंबुजा, ज्यांना आम्ही अत्ते म्हणतो, त्या तर मीटर वाचायला आलेल्या मुलीलाही कुंकू लावून फूल देतात. ती बिचारी हेल्मेटखाली ते कसंबसं बसवते. तेच मी सेंटरवर सुरू केलं. वरलक्ष्मी मंडी मोहल्ल्यातून चालत येते, येताना तिनं फुलं आणायची. कधी पांढरी मल्लिगे, म्हणजे मोगरा, कधी केशरी कनकांबर, ज्याला तुम्ही अबोली म्हणता, बहुतेक दिवशी दोन्ही. वीतभर तुकडा तोडायचा आणि बाई उठून बसली की तिच्या हातात ठेवायचा. कुठला, ते मी कधी पाहिलं नाही. टोपलीत जो हाताला लागेल तो.

तुंगा सोमवारी आली, सासूबरोबर. सासू कमलाक्षी अत्तेंच्या ओळखीतल्या, आमच्याच समाजाच्या. त्यांच्या घरात पूर्वी साड्यांवर ठसे मारायचे. आता तुंगाचा नवरा फ्लेक्स छापतो. शहरातल्या निम्म्या वाढदिवसांचे फोटो त्याच्या मशीनमधून निघतात. तुंगाला दोन मुली होत्या. हे तिसरं, एकोणीस आठवड्यांचं.

"अंबुजक्का बऱ्या आहेत ना?" कमलाक्षींनी विचारलं. "नातीला घेऊन बसल्या असतील बिचाऱ्या."

"तिनंच बसवून ठेवलंय त्यांना."

"तुमची पहिलीच ना? असू दे, असू दे. पहिली चालते." आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

त्यांना बाहेर बसवून मी तुंगाला आत घेतलं. तिची तपासणी मला नीट आठवते, कारण ती हसली. पडद्यावर बाळाचा पंजा आला, पाचही बोटं उघडी, आणि ती म्हणाली, "अय्यो, थांब म्हणतंय की." हृदयाचे चारही कप्पे चांगले. पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा सरळ. मूत्राशय, मग मांडीचं हाड. मी सांगितलं की सगळं छान आहे, चार आठवड्यांनी या, आणि हातात फुलं दिली.

बाहेर कमलाक्षींनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. "हं," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

गुरुवारी दुपारी एका बाईनं फुलं घेतलीच नाहीत. केशरी तुकडा मी पुढे केला तर तिनं हात मागे ओढला. एवढी धडधाकट बाई, रडायला लागली. "डॉक्टरम्मा, हे नको. ते पांढरं द्या ना. एकदा बदलून द्या. तुमच्या मुलीची शपथ."

"अहो, फुलंच ती. घ्या, पांढरं घ्या."

मी मल्लिगे दिली. तिनं ती घेतली, आणि मग जास्तच रडायला लागली. "असं मागून घेतलेलं काय खरं," म्हणाली आणि गेली.

मी दार लावलं. वरलक्ष्मी टेबल पुसत होती, आधी पुसून झालेलं.

"वरलक्ष्मी. काय आहे हे?"

"मला काय माहीत, अम्मा."

"वरलक्ष्मी."

तिनं फडकं खाली ठेवलं. "सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाच माहीत असणार असं मला वाटलं. पांढरं दिलं तर मुलगा. केशरी दिलं तर मुलगी. डॉक्टरम्मा तोंडानं काही बोलत नाही, कायद्यात बसत नाही, म्हणून फुलानं सांगते. मनानं चांगली आहे, म्हणतात, आणि पैसे पण घेत नाही."

"कधीपासून?"

"युगादीपासून असेल."

म्हणजे पाडव्यापासून, पाच महिने.

"आणि चुकतं तेव्हा? निम्म्या वेळा चुकतच असणार ना गं!"

"चुकलं तर म्हणतात, आपणच घाईत रंग विसरलो. बरोबर आलं की गल्लीभर सांगतात." तिनं फडकं पुन्हा उचललं. "आणि सगळ्यांचं बरोबर की चूक कळतंच असं नाही, अम्मा. केशरी घेऊन गेलेल्या काही परत आल्याच नाहीत."

मी खुर्चीत बसले. दूध उतरून ब्लाउज ओला झालेला कळला, पण उठवेना. बत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला न आलेली नावं मी त्या दुपारी रजिस्टरमधून काढली. माणसं दुसरीकडे जातात, माहेरी जातात, ते खरंच. तरी काढली. पाच महिन्यांत अकरा. कुणाला कुठलं फूल दिलं होतं हे मला एकीचंही आठवेना. मी पाहिलंच नव्हतं.

"जातात कुठं?" मी वरलक्ष्मीला विचारलं.

"नरसीपूरच्या पलीकडे, म्हणतात. कुठं ते नाही माहीत. घरात सांगायचं, संगमावर स्नानाला जातो. तिथून एक गाडी पुढे नेते."

मी डॉक्टर शेषगिरींना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"फुलं बंद," ते म्हणाले. "आत्ता, या मिनिटाला. टोपलीसुद्धा दिसता कामा नये."

"सर, तक्रार करू या. अधिकाऱ्यांना सांगू, अशी एक जागा आहे."

"काय सांगशील? जागेचा पत्ता आहे? माणसाचं नाव आहे? तुझ्याकडे आहे काय, तर फूल. आणि कायद्यात खूण म्हटलंय. पाच महिने तू खुणा देत होतीस, वेदवती."

"मी देत नव्हते. मी तर पाहतसुद्धा नाही."

"ते तू मला सांग. मी विश्वास ठेवतो. आणखी कोण ठेवेल?" ते खोकले. "आणि त्या बायकांना बोलावून घेऊन समजावत बसू नकोस. गर्भपात हा शब्द आपल्या खोलीत निघता कामा नये. कायद्यानं तो होतो, कुठवर होतो, कसा होतो, सगळं मला माहीत आहे. पण स्कॅनच्या डॉक्टरच्या तोंडून तो निघाला की दुसऱ्या दिवशी भलत्याच कागदावर उमटतो. तुमच्या डॉक्टरना भेटा म्हणायचं आणि नमस्कार करायचा. तुला लहान मूल आहे, हो ना?"

घरी गेले तर पुट्टी अत्तेंच्या मांडीवर बसून स्वतःचा मोजा चावत होती. मला पाहून दोन्ही हात वर केले. तिला अजून एकही शब्द येत नाही. सगळं हातांनीच चालतं, आणि आम्हाला सगळं कळतं. पाजायला घेतली तेव्हा तिच्या मुठीत माझं मंगळसूत्र होतं, आणि मी मनात त्या अकरा नावांची पुन्हा पुन्हा हजेरी घेत होते. बारावं नाव तुंगाचं आहे हे तेव्हाच ध्यानात आलं. सोमवारचं ते "हं".

शुक्रवारी सकाळी ती स्वतःच आली. एकटी जिना चढून. रिपोर्टवर शिक्का राहिला म्हणून, असं तिनं वरलक्ष्मीला सांगितलं, पण शिक्का तर होता. सासू खाली ऑटोत बसली होती.

मी तिला आत घेऊन पडदा ओढला.

"उद्या पहाटे नरसीपूरला जातोय," ती म्हणाली. "स्नानाला." मग टेबलाच्या कडेवरचं रेक्झिन नखानं उकरत राहिली. "डॉक्टरम्मा, तिथं फार दुखतं का? धाकटी अजून माझ्याशिवाय जेवत नाही. संध्याकाळपर्यंत घरी येता येतं का?"

नमस्कार करायचा होता मला. सरांनी सांगितलं होतं तसा. मी तिचे हात धरले.

"तुंगा, ऐक. त्या फुलाला काही अर्थ नव्हता. टोपलीत हात घातला, जे लागलं ते दिलं. मुलगा की मुलगी हे मला माहीतच नाही. मी पाहिलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, जरा कीव आल्यासारखी. "तुम्हाला असंच म्हणावं लागतं. माहीत आहे मला. कायदा आहे."

"कायदा आहे म्हणून नाही गं, खरंच सांगते."

"बाकीचे डॉक्टर पण खरंच सांगतो म्हणतात."

माझ्याकडे एकच खरी गोष्ट होती आणि ती खोटं बोलणाऱ्या प्रत्येकानं आधीच वापरून ठेवली होती. मग मी तो शब्द काढला. गर्भपात म्हणाले, तीन-चार वेळा म्हणाले. सांगितलं की तुझ्या मर्जीशिवाय तो कुणी करू शकत नाही, कुणीही नाही. पाचव्या महिन्यात, कुठल्यातरी शेतातल्या खोलीत, कोण कुठला माणूस, रक्त थांबलं नाही तर तिथं रक्ताची एक बाटलीसुद्धा नसेल. नको म्हण. माझ्याबरोबर चल, दवाखान्यात ठेवते, पोलिसांकडे जाऊ.

"आणि मुली?" ती म्हणाली. "त्या त्याच घरात आहेत ना."

एवढ्यात पडदा सरकला. कमलाक्षी जिना चढून आल्या होत्या, धापा टाकत. त्यांनी तुंगाकडे, मग माझ्या हातातल्या तिच्या हातांकडे पाहिलं.

"काय झालं गं? शिक्का मारायला एवढा वेळ?"

"कमलाक्षम्मा, तुम्ही हिला उद्या कुठं नेताय ते मला माहीत आहे," मी म्हणाले.

"स्नानाला." त्या स्टुलावर टेकल्या. "पाण्याला काय परवानगी लागते?"

"मी तुमच्या सुनेला काही सांगितलेलं नाही. फूल म्हणजे खूण नव्हे. मला ठाऊकच नाही."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. अगदी मायेनं. "आम्ही कुठं म्हटलं तुम्ही सांगितलं? तुमची नोकरी आम्हाला कळत नाही का? अंबुजक्काची सून तुम्ही. माझ्या तोंडून एक शब्द बाहेर जायचा नाही, देवाशप्पथ."

"तिच्या जिवाला धोका आहे. ती मरू शकते."

"देव आहे."

"मी पोलिसांत सांगेन."

"काय सांगाल?" त्यांनी खरंच विचारलं, उत्सुकतेनं. "फुलाचं?"

बाहेर वरलक्ष्मी कुणाचं तरी नाव पुकारत होती. तुंगानं रिपोर्टची पिशवी छातीशी धरली आणि उठली. सासू पण उठली. दोघींची पाठ वळली. अजून चार पावलं, मग जिना, मग ऑटो. उद्या पहाटे संगम. तिथून पुढे मला काही दिसत नव्हतं, आणि मला दिसतही होतं.

"मुलगा आहे," मी म्हणाले.

कमलाक्षी वळल्या.

"काय म्हणालात?"

"फुलं संपत आली होती त्या दिवशी. चुकीचं दिलं गेलं. मुलगा आहे."

पुढचं फार भराभर झालं. त्या खाली वाकल्या, मला वाटलं भोवळ आली, पण त्यांनी माझे पाय धरले. मग तुंगाच्या पोटाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या डोळ्यांना. "ए तुंगे, बस. बस म्हणते ना. जिना नको उतरूस घाईनं. मी ऑटोवाल्याला सांगून येते, उद्याचं साकु, आता नको म्हणून." आणि दुखऱ्या गुडघ्यांची ती बाई पोरीसारखी खाली गेली. दारात वरलक्ष्मी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तुंगा बसली नाही.

"तुम्ही पाहिलं नव्हतं म्हणालात," ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली. पाहिलं नव्हतं.

"मग नाही झाला तर?"

"तोवर बाळ जन्मलेलं असेल, तुंगा. कुणी काही करू शकणार नाही."

"त्याला नाही करणार," ती म्हणाली. तिनं अजून चार महिने बाकी आहेत का पाच, ते बोटांवर मोजलं. "मला करतील." मग पदर सारखा केला आणि सासूनं सांगितल्याप्रमाणे एक-एक पायरी जपून उतरत गेली.

तिचा फॉर्म कपाटात आहे. मी पाहिलेलं नाही, सांगितलेलं नाही, खाली माझी सही. पहिला भाग अजून खरा आहे. दुसऱ्यासाठी मला तीन वर्षं होऊ शकतात, तेव्हा पुट्टी चार वर्षांची असेल. हा हिशोब मी शनिवार-रविवार तिला न्हाऊ घालताना, भरवताना, थोपटताना करत राहिले. प्राणेशला, माझ्या नवऱ्याला, काही सांगितलं नाही. त्यानं दोनदा विचारलं की बरं नाही का.

सोमवारी सकाळी मी जिन्याशी पोचले तर बायका पायऱ्यांवर बसलेल्या. वाट काढत वर गेले. आम्ही दिवसाला वीस-बावीस घेतो. वरलक्ष्मीच्या वहीत त्रेचाळीस नावं होती.

"मी नाही सांगितलं कुणाला," तिनं मी विचारायच्या आधीच म्हटलं. "कमलाक्षम्मांनी शनिवारी देवळात म्हैसूरपाक वाटला. डॉक्टरम्मांनी तोंडानं सांगितलं म्हणून. फुलाबिलानं नाही, सरळ तोंडानं."

पहिली बाई लहानशी होती, वीस-एकवीस वर्षांची, कुठल्या खेड्यावरून पहाटेची बस धरून आलेली. आई बाहेर बसली होती. ही सरकारनं पाठवलेली साक्षीदारही असू शकते, असं माझ्या मनात आलं. अशा पाठवतात, पोटुशी बाई, पर्समध्ये रेकॉर्डर. पण तिचे हात गार होते आणि प्रोब टेकताच ती बारीक कण्हली. अठरा आठवडे. हृदय चांगलं. कणा चांगला. मूत्राशय, मग मांडीचं हाड. मी नेहमीपेक्षाही लवकर तिथून निघाले.

"सगळं छान आहे," मी म्हणाले. "चार आठवड्यांनी या."

इतर दिवशी बायका इथं उठतात. ती उठली नाही. माझ्या तोंडाकडे बघत पडून राहिली.

मी तिच्या पोटावरचं जेल पुसलं. चादर ओढली. "उठा अम्मा."

"आणखी काही?" तिनं विचारलं.

"नाही. बाळ चांगलं आहे."

ती वाट पाहत राहिली. मी पण गप्प राहिले. काय बोलणार होते? मुलगा म्हटलं तर तुरुंग, आणि बाहेर उरलेल्या बेचाळीस जणींना पण तेच म्हणावं लागेल. मला माहीत नाही म्हटलं तर ते फक्त मुलगी असल्यावरच म्हणतात, हे आता तिलाही ठाऊक होतं. इतके दिवस माझ्या गप्प बसण्याला काही अर्थ नव्हता. शुक्रवारी मी त्याला अर्थ दिला होता.

ती हळूहळू उठली. पोटावरून पदर ओढून घेतला, दोनदा ओढला, आणि दारापर्यंत गेली. पडद्याच्या फटीतून मला तिची आई दिसली, अर्धवट उठलेली.

पोरीनं मान हलवली. "काही म्हणाल्या नाहीत."

आई पूर्ण उठली. मग तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि अंगठ्यानं नंबर शोधू लागली, त्या नरसीपूरच्या गाडीचाच असणार.

"थांबा!" मी ओरडले.

दोघी थांबल्या. बाकावरच्या सगळ्याजणी थांबल्या, पायऱ्यांवरच्या उठून दाराशी आल्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या.